बापूंची डोंगीतली बैठक

बापू,

आता आपल्या दोघांच्या मधे कुणीच नाही. मांजरसुद्धा नाही, ती तुमच्या खाटेखालून उठून चुलीकडे गेली. तुमचे दिवस झाले, पाहुणे पांगले, तुमचे चिरंजीव शाळेवर गेले आणि मी ओसरीवर डोक्यावर पदर न घेता बसले आहे. सवयीने हात पदराकडे जातो. मग वाटते, राहू दे, आता कुणापासून तोंड झाकायचे.

एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी एक वाक्य सरळ बोलले नाही. सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचे नाही, त्याच्यासमोर खाटेवर बसायचे नाही, समोरून येताना दिसला तर भिंतीकडे वळायचे, ही आपल्याकडची रीत. सासूबाई होत्या तोवर सगळा कारभार त्यांच्यातून चालायचा. मी भाकरी थापता थापता म्हणायची की वीज गेली, मोटार बंद पडली असेल. तुम्ही चार हातांवर बसून ते ऐकलेले असायचे. तरी सासूबाई तेच तुम्हाला पुन्हा सांगायच्या आणि तुम्ही पहिल्यांदाच कळल्यासारखे "हं" म्हणायचे. पुढे पोरे झाली, तीही मधे उभी राहिली. मग पोरे शिकायला लांब गेली, सासूबाई गेल्या, आणि दिवसभर घरात आपण दोघेच उरलो तेव्हा घोडे अडले. सुरुवातीला तुम्ही नुसते खाकरायचे. खाकरण्याचा अर्थ लावता लावता माझ्या नाकी नऊ आले. पाणी आणले तर हवा असायचा चहा, आणि चहा नेला तर हवा असायचा चष्मा.

एक दिवस तुम्ही पायाशी बसलेल्या मांजरीकडे बघितलेत आणि तिला म्हणालात, "काय व मांजर, आज चहामा साखर कमी पडनी."

मी पदराआडून मांजरीलाच सांगितले की डॉक्टरांनी साखर बंद करायला सांगितली आहे. मांजर तिचा पाय चाटत राहिली. त्या दिवसापासून आपल्या घरात बोलणे पुन्हा सुरू झाले. कापसाचा भाव, पोरांचे फोन, देवळातल्या भंडाऱ्याला किती पीठ द्यायचे, सगळे त्या मांजरीला माहीत होते. तिच्याएवढी जाणती मांजर पंचक्रोशीत नसेल.

बापू, तुम्हाला वाटत असेल की पाण्याखाली गेलेली मळी, नदीपात्रातली ती गाळाची जमीन, तुम्हालाच आठवत होती. मलाही आठवते. मी लग्न होऊन आले तेव्हा तापी अजून वाहती होती, उन्हाळ्यात तिचा एक पदर तेवढा उरायचा आणि बाकी सगळी रेती. त्या रेतीतच तुमची टरबुजांची वाडी. मी न्याहारीची पाटी डोक्यावर घेऊन यायची. तुम्ही मला लांबून बघून उठायचे आणि पाण्याच्या कडेला जाऊन पाठमोरे उभे राहायचे, म्हणजे मला खोपीत भाकरी ठेवून निवांत परत जाता यावे. एकदा खोपीत गेले तर ओल्या गोणपाटाखाली टरबूज कापून ठेवलेले. कडा सगळ्या काढून टाकलेल्या, नुसता मधला गाभा. कुणासाठी, ते कुणी सांगितलेले नाही. मी तुमच्या पाठीकडे बघितले. पाठ हलली नाही. मी खाली बसले आणि सगळे खाल्ले, हनुवटीवरून रस गळेपर्यंत. तो हंगाम संपेपर्यंत रोज तिथे गाभा होता आणि रोज तुमची पाठ होती. नव्या नवरीला सासरी भूक लागली असे म्हणायची चोरी असते, हे तुम्हाला कुणी सांगितले होते कोण जाणे. सासूबाईंनाही मी कधी बोलले नाही. आज तुम्हाला सांगते, बापू, तितके गोड मी पुन्हा काही खाल्ले नाही.

मग खाली बॅरेज झाले, पाणी अडले, आणि एका पावसाळ्यात वर चढलेले पाणी पुन्हा उतरलेच नाही. मळी गेली. तुम्ही वरच्या शेतात कापूस, ऊस, केळी सगळे केलेत, कशाला कमी पडू दिले नाही. पण घाटावर गेलात की तुमची नजर पाण्यावर एका ठिकाणी जाऊन बसायची, ते सगळ्यांना दिसत होते.

डोंगीचेही सांगून टाकते. माझ्या माहेरी, नदीच्या खालच्या अंगाला, बाबांची ही डोंगी होती. लांब, अरुंद, दोन माणसे एकामागे एक बसतील एवढीच. भाकरी थापता यायच्या आधी मला वल्हे मारता येत होते. पूल झाला, बाबा गेले, आणि डोंगी अंगणात अडचण व्हायला लागली तेव्हा भाऊ म्हणाला की फोडून सरपणाला टाकतो. मी ते कधीतरी सासूबाईंना बोलले असेन. दुसऱ्या दिवशी तुम्ही ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून निघालात. घरात सांगितलेत की नदीतल्या मोटारीच्या पाइपाला जाळी आहे, तिच्यात शेवाळ अडकते, ती साफ करायला डोंगी लागणार. सगळ्यांनी मान डोलावली. ती जाळी घाटापासून कितीशी लांब होती, बापू? गुडघाभर पाण्यात उभे राहून हात घातला की लागत होती. डोंगी आली, निंबाखाली पालथी पडली, आणि जाळीसाठी तिला कधी कुणी हात लावला नाही. पण आठवड्यातून एखादे वेळी तुम्ही संध्याकाळी घरात येऊन भिंतीला म्हणायचे की डोंगी वाळून चालली, तिच्या फळ्या उकलतील. मी तीच पडत्या फळाची आज्ञा समजायची. भांडी तशीच टाकून घाटावर जायची, डोंगी पाण्यात लोटायची आणि उजेड आहे तोवर फेरी मारून यायची. गावातल्या बायका नाके मुरडायच्या की यांची सून नाव चालवते. तुम्ही पारावर सांगायचे की मोटारीची जाळी बघायला गेली आहे.

असो. गेल्या वर्षी तुम्ही ओट्यावरून घसरलात, मांडीच्या खुब्याचे हाड मोडले आणि नवा खुबा बसवावा लागला. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितली. मांडी घालायची नाही, खाली बसायचे नाही, गुडघे कंबरेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. ज्या माणसाने उभा जन्म जमिनीवर बसून काढला त्याला हे सांगायचे. तुम्ही तेही पाळलेत. खुर्चीवर बसून जेवायला लागलात आणि ताटाकडे परक्यासारखे बघायला लागलात.

आणि मग काठी घेऊन चालता यायला लागल्यावर एक दिवस तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माले एकदाव मन्ही मळीवर जाईसन बठनं शे."

तुमच्या चिरंजीवांनी शाळेतल्या पोराला समजवावे तसे सांगितले की बापू, मळी तर पाण्याखाली आहे. तुम्ही म्हणालात, म्हणूनच तर डोंगी पाहिजे. तेव्हा मी आत पोळ्या लाटत होते. लाटणे हातातच राहिले, कारण घरात डोंगी चालवणारी मी एकटी. यांना तर पाण्याची इतकी भीती की घाटावर उभे राहतात तेही देवळाच्या बाजूच्या पायरीवर. म्हणजे जायचे तर सून आणि सासरा, एका डोंगीत, मधे कुणी नाही. यांनी माझ्याकडे बघितले. मी मांजरीला सांगितले की नेईन.

पण खरी पंचाईत बसण्याची होती. घाईने जाऊन यायचे नव्हते, तुम्हाला तिथे सकाळभर बसायचे होते. डोंगी अशी की माणूस जितका खाली बसेल तितकी ती शांत. जरा उंच बसला की डुलायला लागते. म्हणजे डोंगी म्हणते खाली बस, आणि डॉक्टर म्हणतात वर बस. तुम्ही दोघांचे ऐकून घेतलेत आणि मांजरीला म्हणालात की यातून काहीतरी निघेल, घाई नको. पण घाई होती, बापू. काठी हळूहळू जड होत चालली होती, घाटापर्यंत जाताना आता दोन ठिकाणी थांबावे लागत होते. ते तुम्हाला कळत होते आणि मलाही.

आधी यांनी प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून ती डोंगीत ठेवली. तुम्हाला बसवायची छाती कुणाची नव्हती, म्हणून तुमच्या वजनाइतके गहू गोणीत भरले, गोणी खुर्चीत बसवली, आणि हौसेने तिला तुमचा टॉवेलही गुंडाळला. तुम्ही पायरीवर खुर्ची टाकून बघत होता. मी वल्ह्याचा दुसरा हात मारते तोच डोंगी कलंडली. मी पोहत वर आले, गहू गेले तळाला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बुडना म्हतारा." मग आपण सगळे इतके हसलो की यांना पायरीवर बसावे लागले. डोक्यावरचा पदर पाण्यात निसटला होता आणि मी तुमच्यासमोर मोकळ्या डोक्याने हसत होते. तुमच्याही लक्षात आले नाही, किंवा आले असेल.

मग आपण कापूस पिकवणारी माणसे काय करणार, तेच केले. घरात शेवटच्या वेचणीचा कापूस पडून होता, मळकट, विकायच्या लायकीचा नसलेला. एवढ्याशा कापसाची सरकी काढायला जिनिंगवर कोण नेतो? तसाच बियांसकट गोणपाटात ठासून भरला, सुतळीने शिवला, आणि चांगली जाडजूड गादी केली. तुम्ही ओट्यावर ती दाबून बघितलीत आणि पसंत केलीत. डोंगीच्या तळाशी नेहमी थोडे पाणी झिरपते, ते गादीने पिऊन घेतले, ती फुगली, जड झाली, आणि तुम्ही बसून बघण्याआधीच यांना ताप आला म्हणून सगळे राहिले. आठवड्याभराने मी डोंगीवरची ताडपत्री उचलली तर गादीच्या शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आलेले. सरकी उगवली होती, बापू, डोंगीत. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. तुम्ही काठी टेकत आलात, वाकता येत नव्हते म्हणून मला गादी वर धरायला लावलीत, आणि कोंबांवरून बोट फिरवून उगवण चांगली आहे असे तिलाच सांगितलेत. मग ते कोंब परसात लावायला लावलेत. बैठकीचे काय, असे यांनी विचारले तर तुम्ही म्हणालात की आधी यांना पाणी घाला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून कधीकाळी आणलेले खोगीरही आपण काढून बघितले. त्यावर तुम्ही ओसरीत ऐटीत बसलात, पण डोंगीत ते बसेना. यांनी म्हटले आता पुरे. मला रागच आला त्यांचा. ज्याला पाण्यात जायचे नाही त्याला पुरे म्हणणे सोपे असते.

शेवटी उत्तर घरातच होते. दिवाळीनंतर कापूस घरात आला, ओसरीत ढीग लागला, आणि एका दुपारी तुम्ही त्या ढिगाला टेकून झोपी गेलात. मी दारातून बघत राहिले. कंबर जमिनीला लागलेली, पाठ मागे रेललेली, पाय पुढे सरळ लांब. गुडघे कंबरेच्या खालीच होते. म्हणजे तुम्ही खाली होता आणि तरी डॉक्टरांचे सगळे ऐकून होता. इतके दिवस आपण तुम्हाला बसवायला बघत होतो, आणि तुम्हाला टेकवायचे होते.

तुम्ही उठल्यावर मी मांजरीला सगळे समजावून सांगितले. तुम्ही जुनी मोडकी खाट माळ्यावरून काढायला सांगितलीत. यांनी ती कापून खाली बसकी चौकट केली आणि मागे उतरता टेका जोडला. आता विणायची. खाट विणायला दोघे लागतात, एकाने दोरी घालायची, दुसऱ्याने ओढून ताणायची. हे गेलेले शाळेत. मग तुम्ही खुर्चीवर आणि मी खाली, मधे ती चौकट. तुम्ही काथ्या खालून द्यायचे, मी वरून घ्यायची. दोरी सैल पडली की तुम्ही तिला बोटाने टिचकी मारायचे आणि मी पुन्हा ताणायची. त्या दुपारी मांजरीची गरज पडली नाही. आपण बोललोच नाही आणि मला वाटले, किती बोलतो आहोत. विणून झाल्यावर तुम्ही काठीने चौकटीकडे खूण केलीत, की आधी तू बसून बघ. मी मान हलवली. तुम्ही पुन्हा खूण केलीत. तुमच्यासमोर मी कधी खाटेवर बसले नव्हते, आणि कापली तरी ती खाटच. शेवटी तुम्ही उठून परसात गेलात, सरकीच्या रोपांकडे तोंड करून पाठमोरे उभे राहिलात, आणि मी बसून बघितले. छान होती. डोळे मिटावेसे वाटले.

जायच्या दिवशी वेगळेच अडले. वल्हे मारणाऱ्याला मागच्या फळीवर बसावे लागते आणि ती फळी उंच. म्हणजे सासरा खाली आणि सून वर. मी पाण्यात उभी राहून डोंगी धरून ठेवली, चढेना. तुम्ही बैठकीत टेकलेले, कंबरेला यांनी बांधलेली ट्रॅक्टरची काळी ट्यूब, गळ्यापर्यंत शाल. काय झाले ते तुम्ही मागे न बघता ओळखलेत. मांजर तर घरी होती. तुम्ही समोर पाण्याकडे बघून म्हणालात, "नदीमाय, तिले सांग वर बठ. डोंगीमा जो वल्हं धरस तोच मोठा."

मी चढले. यांनी गुडघाभर पाण्यात येऊन डोंगी लोटली. यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात मोठे धाडस असेल, ते मी नंतर त्यांना सांगितलेही.

ती सकाळ मला अजून पुरती जागेपणी घडल्यासारखी वाटत नाही. थंडीचे दिवस, पाण्यावरून वाफ उठत होती, दोन्ही काठ पुसले गेले होते. फक्त वल्ह्याचे पाणी आणि तुमचा श्वास. तुम्ही मला दिशा द्यायचे ते नदीला सांगून. आपल्या देवळाचा कळस आणि त्याच्या मागे सातपुड्यातला तो खळगा एका ओळीत आले की मळीची ओळ लागली. धुके विरळ झाले तेव्हा दोन्ही एका ओळीत उभे होते. पण काठापासून किती आत, हे कशावरून ठरवायचे? पलीकडचा आंबा होता तोवर ठरत होते, तो केव्हाच गेला. तुम्ही म्हणालात इथेच. मला वाटत होते, अजून पुढे. घाटापासून खोपीपर्यंत तेव्हा किती चालावे लागायचे ते माझ्या पायांना माहीत होते. मी नदीला तसे सांगितले. तुम्ही नदीला सांगितलेत की बायकांना अंतर कळत नाही. मी नदीला सांगितले की न्याहारी कोण घेऊन यायचे. तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही, आणि खरे सांगू, मला तो मिटायला नको होता. तुमच्याशी भांडायला मिळतेय याचेच मला अप्रूप होते.

मग तुम्ही हात वर केलात आणि मी वल्हे आत घेतले. डोंगी आपली आपण सरकत राहिली. तुम्ही बोलायला लागलात, नदीशी, हळू आवाजात. इथे खोप. इथून वेलांच्या ओळी, अशा तिरप्या. इथे पहाटे कोल्हे यायचे, पिकले फळ बरोबर ओळखायचे. इथे सासूबाई एकदा तुमच्यावर रागावून रेतीत बसून राहिल्या होत्या, संध्याकाळपर्यंत. तुम्ही सांगत होता आणि मला खाली दिसत होते. रेती, वेल, पानांआड थंड पडलेली टरबुजे, त्यांच्यामधून फिरणारे मासे. पाण्याखाली अजून उन्हाळा चालू असावा आणि आपण वरून हिवाळ्यातून जात असावे, असे काहीतरी. तुम्ही हात बाजूला सोडून पाण्यावर थोपटत होता, बैलाच्या पाठीवर थोपटावे तसे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. दुखते का, आखडले का, हे विचारायचे माझ्या मनात होते, पण तुमचे खांदे इतके सैल होते की विचारण्यासारखे काही नव्हते. अपघातानंतर तुम्हाला इतके स्वस्थ मी बघितले नव्हते. आपण जमवले, बापू. एवढ्या खटाटोपानंतर तुम्ही तुमच्या मळीवर आरामात बसला होता.

आणि मग तुम्ही ते विचारलेत.

मान वळवली नाहीत. तोंड पुढेच होते, मला तुमची टोपी आणि शालीचा काठ तेवढा दिसत होता. पण यावेळी मधे नदी नव्हती, डोंगी नव्हती, कुणी नव्हते.

"बेटा, तुले मायेरनी याद येस का?"

बाबांच्या डोंगीत बसून तुम्ही मला ते विचारत होता. माझ्या हातातल्या वल्ह्यातून पाणी ठिबकत होते. तोंडापर्यंत काय काय आले. तुम्ही वाट बघत होता, तुमच्या पाठीवरून कळत होते. आणि मी पदर पुढे ओढला, ओठांवर आले होते ते गिळले आणि नदीला सांगितले की वारा सुटला, आता फिरायला हवे. वारा नव्हता. तुम्ही हात वर केलात, बरे, फिरव. घाटावर यांनी विचारले, कसे झाले, तर तुम्ही म्हणालात बैठक झकास.

त्या हिवाळ्यात आपण पुन्हा पुन्हा गेलो. मळी कुठे यावर भांडलो. कधी तुम्ही त्या बैठकीत झोपी जायचे आणि मी डोंगी एका जागी धरून ठेवायची. तो प्रश्न तुम्ही पुन्हा विचारला नाहीत. मी दर वेळी ठरवून निघायची की आज आपण होऊन सांगू, आणि दर वेळी तुमचे घोरणे ऐकत परत यायची. मला वाटायचे, घाई नको, उन्हाळा आहे, पुढचा हिवाळा आहे. मग एका सकाळी तुम्ही चहाला उठला नाहीत.

काल भाऊ दुखवट्याची साडी घेऊन आला. रीतीप्रमाणे म्हणाला, चार दिवस घरी चल, मन हलके होईल. आजवर तो न्यायला आला की मी एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची, बापूंच्या जेवणाचे बघायला हवे म्हणून. माहेरच्या बायका हसायच्या, म्हणायच्या हिला सासरचेच वेड. काल मी पिशवी भरायला आत गेले. दोन लुगडी ठेवली आणि हात थांबला. परत कधी यायचे ते ठरेना. कुणाच्या जेवणाचे बघायला हवे म्हणून सांगू? तिथेच खाली बसले. आईचे अंगण डोळ्यांपुढे आले, बाबांचा आवाज आला, आणि मी लहान पोरीसारखी रडले. यांना वाटले तुमच्यासाठी रडतेय. ते खोटे नव्हते, पण तेवढेच नव्हते. भावाला म्हटले, आज नाही, परवा ये. आधी मला एकाला उत्तर द्यायचे आहे.

म्हणून बसले आहे. पदर खांद्यावर आहे, नदी लांब आहे, मधे कुणी नाही, आणि तुम्ही विचारले होते तसेच सरळ सांगते आहे.

याद येत नही व्हती, बापू. आते येस.